उभं राहायची फळी

जालन्याच्या मस्तगडात मंठेकर बाईंना 'बसा' म्हणायची कुणाची टाप नव्हती. नवखा माणूस म्हणायचा आणि फसायचा. बँकेत नवा साहेब आला की अगत्यानं खुर्ची पुढे करी. बाई म्हणत, "का? उभ्यानं सही उमटत न्हाई का तुमच्याकडं?" आणि उभ्याउभ्याच काम उरकून बाहेर पडत. लग्नात त्या उभ्यानं जेवायच्या, तेही जालन्यात बुफे यायच्या कितीतरी आधीपासून. वाढायच्या निमित्तानं पंगतीत शिरायचं आणि हातावर पोळीची गुंडाळी घेऊन फिरता फिरता जेवण संपवायचं. कीर्तनात खांब मोकळा असला तरी टेकायच्या नाहीत. आमच्याकडे आल्या की चहा ओट्याशी. माझी आई म्हणायची, "ही बाई आडवी तरी होते का, की मंठेकर सर तिला कोपऱ्यात उभी करून ठेवतात?"

मी आता बदलीच्या गावी असते. विम्याचं ऑफिस आहे, येईल त्याला 'बसा' म्हणणं हे माझ्या कामातच मोडतं. दिवसातून कितीतरी वेळा म्हणते आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता समोरून कुणीतरी विचारणार, का म्हणून? अजून कुणी विचारलेलं नाही. बाईंची आठवण येते ती अशी, कामाच्या मधोमध.

बाई आमच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निळ्या काठाची पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. अंगानं काडी. आवाज मात्र असा की मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा दूधवालाही सायकल धरून ताठ व्हायचा. खो-खोवर त्यांचा भारी जीव. ज्या बाईला बसण्याचं एवढं वावडं तिनं खो-खोवर जीव टाकावा याचं मला नवल वाटायचं, कारण त्यात निम्मा संघ रांगेत बसलेलाच. एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "खो-खोत कुणी बसत न्हाई. उठायच्या तयारीत असतात. तू बसतेस, म्हणून तुला खो द्यायला कुणी धजत न्हाई." अगदी खरं होतं ते. आमच्या वर्गात कौसल्या होती, मंठ्याकडच्या एका गावातली, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिच्या पाठीला बोट लागायच्या आत ती उठून पळालेली असायची. बाई तिच्या बाबतीत उघड पक्षपात करायच्या आणि तो लपवायच्याही नाहीत.

शाळेत पाहुणे आले होते ती गोष्ट तर जुन्या मुली अजून सांगतात. कुणी बडे पाहुणे यायचे होते. मंडपात त्यांच्यासाठी खुर्च्या, आणि मुली समोर उघड्या मैदानात मांडी घालून. ऊन चढत गेलं, पाहुणे येईनात. मुलींना घेरी यायला लागली. मुख्याध्यापिका म्हणत राहिल्या, निघालेत, आलेच. बाई पुढे झाल्या आणि शिट्टी फुंकली. "सावधान! दहिने मूड! तेज चल!" अख्खी शाळा फाटकातून बाहेर पडली आणि आपापल्या घरी गेली. पाहुणे पोचले तेव्हा मंडपात एकटे मंठेकर सर होते. ते शेजारच्या मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणून येऊन बसले होते. बाईंना जाब विचारायला सगळे जमले, तेव्हा त्या अर्थातच उभ्यानं बोलल्या, "मुली काय कुरडया हायेत, उन्हात वाळत घालायला?" पुढे त्यांना बढती मिळाली नाही. त्यांनी कधी तिचं नावही काढलं नाही.

आणि सर? नवरा-बायकोत इतकं अंतर मी दुसरं पाहिलेलं नाही. बाई जेवढ्या उभ्या, तेवढे सर बसलेले. ओसरीवर झोपाळा, झोपाळ्यावर सर, मांडीवर पेपर. आलं-गेलं तिथूनच बघायचं, बोलायचं कमी. बाई त्यांच्यावरून दिवसभर ये-जा करत आणि जाता जाता झोपाळ्याला एक धक्का देऊन जात. त्यांचा संसार असा चालायचा आणि तो सुखाचा होता, हे मी शेजारच्या खिडकीतून पाहून सांगते.

निवृत्तीनंतरही बाई तशाच होत्या. मग एका संक्रांतीच्या सुमाराला न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, इथून पुढे जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. बाई खूश. "ह्या डॉक्टरला अक्कल हाय. पहिल्यांदा कुणीतरी बराबर बोललं." पण घरी आल्या त्या वॉकर घेऊन. ॲल्युमिनियमची ती चौकट आधी पुढे ढकलायची, मग पाऊल टाकायचं. चौकट सोडली की डावा पाय थरथरायचा आणि तोल जायचा. हाड जुळलं होतं, भीती काही गेली नव्हती.

एकदा दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या. पुढ्यात वॉकर. मला पाहून म्हणाल्या, "ये अंजू. बस." बाईंच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. डबा ठेवला, काहीतरी बोलले आणि घरी येऊन रडले.

त्यांचा मुलगा प्रसाद पुण्याला असतो. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल वाकडं बोलायला जागा नाही. त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. दिवाळीला गाडी घेऊन येणार, दोघांना घेऊन जाणार, मस्तगडातल्या घराला कुलूप. "आई, तिथं लिफ्ट आहे. दिवसभर बाई ठेवतो तुझ्यासाठी. तू एकटी उभी राहू शकत नाहीस, बाबा काय तुला सावरणार?" सर झोपाळ्यावरून म्हणाले, "मला कुणी विचारून राह्यलं का? न्हाई ना? मंग ठीक हाय." बाईंना हे घर सोडायचं नव्हतं. जालनाही सोडायचं नव्हतं. पण पाय खरोखरच थरथरत होता.

तोवर न्हाणीत धरायला पाइप बसवायचा, असा प्रसादचा हुकूम होता. बाई म्हणाल्या, नवा कशाला, भंगारात हवा तसा मिळतो. म्हणून बाई आणि मी रिक्षा करून औद्योगिक वसाहतीकडे गेलो. आमच्या जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या, त्यामुळे कुठकुठचं भंगार ट्रकनं येऊन पडतं. एका वखारीत शटर, सळया, मोडक्या पलंगांचे ढीग होते आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून एक लांबलचक पिवळट फळी उभी होती. माणसाच्या दीडपट उंच, वर निमुळती. मध्ये आडवी भेग, एका कडेला कुत्र्यानं चावा घ्यावा तसा टवका गेलेला.

"हे काय हो?" बाईंनी विचारलं.

वखारीचे शेठ म्हणाले, "काय म्हाइत मॅडम. समुद्राकडच्या कोन्या हॉटेलाचं भंगार आल्तं, त्याच्यात आलं. ना लोखंड, ना लाकूड. भट्टीत जात न्हाई, चुलीत जात न्हाई. बिलकुल कामाचं न्हाई."

"मंग माझ्यासारखंच झालं की," बाई म्हणाल्या.

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. सर्फबोर्ड निघाला. फोटोत भली मोठी लाट आणि तिच्यावर फळी टाकून उभी असलेली एक मुलगी. बाईंनी मोबाइल हातात घेतला, चष्म्यापासून लांब धरला आणि बघत राहिल्या.

"हिच्यावर उभे राहतात?"

"हो."

"पाण्यावर?"

"हो बाई."

"धरायला काय असतं?"

"धरायला काही नसतं."

बाईंनी मोबाइल परत दिला. मग शेठना म्हणाल्या, "ही फळी मला द्या." शेठ म्हणाले, घेऊन जा, आमची जागा मोकळी होईल. "फुकट न्हाई नेणार," असं म्हणून बाईंनी पुढ्यातला वॉकर त्यांच्याकडे ढकलला. "हे घ्या. असली ॲल्युमिनियम हाय." शेठ हात जोडायला लागले, मॅडम असं करू नका, तुम्ही चालणार कसं? "हिला धरून," बाई म्हणाल्या. त्यांनी खरंच ती फळी उभी धरली, दुसऱ्या बाजूनं मी धरली, आणि तिच्या आधारानं त्या फाटकापर्यंत चालत आल्या. पाय थरथरत होता, पण त्यांचा चेहरा मला शाळेतला दिसला. मी इतकी घाबरले होते आणि इतकी खूश होते की रिक्षावाल्याला चुकीचा पत्ता सांगितला. फळी मागून टेम्पोनं आली.

मस्तगडात ही बातमी आमच्या आधी पोचली होती. जो तो विचारी, "बाई, जालन्यात समुद्र कुठाय?" त्यावर बाईंचं उत्तर तयार असे, "जालन्यात लोखंडाची खाण कुठाय? तरी तुझ्या घराच्या स्लॅबात सळई जालन्याचीच हाय ना?" विचारणारा वाटेला लागे. प्रसादला मात्र असं वाटेला लावता आलं नाही. वॉकर भंगारात गेला हे कळल्यावर तो फोनवर इतका चिडला की सरांना झोपाळ्यावरून ऐकू आलं. बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "दिवाळीला ये. मी ह्या फळीवर पाण्यात उभी राहून दाखवते, कशाला न धरता. राहिले तर पुण्याचं नाव काढायचं न्हाई. न्हाई राहिले तर गाडीत घाल आणि ने." प्रसादला वाटलं असावं की दिवाळीपर्यंत आई हे विसरेल. तो बरं म्हणाला.

आता दुरुस्ती. ती आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. बाईंनी भेगेत बोट घालून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "खारट हाय. अजून समुद्र मुरलाय हिच्यात. आधी वाळवू." बरोबरच होतं ते. पण आपल्याकडे काहीही ओलं वाळवायचं म्हणजे काय करायचं? गच्ची, ऊन, वरून जुनी साडी, चार कोपऱ्यांवर दगड. पापड, सांडगे, हळकुंडं, गाद्या, सगळ्यांना हाच इलाज. ऐन मे महिन्यात, जालन्याच्या उन्हात, शेजारणींच्या कुरडयांच्या रांगेत बाईंनी सर्फबोर्ड वाळत घातला. कठडा आणि माझा खांदा धरत बाई मोठ्या समाधानानं जिना उतरल्या. दुपारी वर जाऊन साडी उचलली तर फळीला टम्म फुगा आलेला. वरचं कवच आतल्या गाभ्यापासून सुटून वर आलं होतं, जागोजाग. शेजारणीच्या कुरडया मात्र उत्तम वाळल्या होत्या.

मग मोबाइलवर पाहिलं. तिथं पहिलंच वाक्य, फळी कधीही उन्हात ठेवू नये. शाळेतल्या मुलींना वाळत घालू न देणाऱ्या बाईनं फळी वाळत घातली होती! मी हे बोलूनही दाखवलं. बाई हसल्या नाहीत. फुग्यावर हात फिरवत म्हणाल्या, "चूक झाली. पण हिनं काही तोंड वाकडं केलं न्हाई. आपण बी नको करू." फळी खाली सावलीत आणली, आणि ती नुसती वाऱ्यावर वाळायला पुढचे कितीतरी दिवस गेले.

फायबरचं काम करणारा म्हणून अन्वरभाईंना बोलावलं. ते कूलरच्या बॉड्या बनवत. त्यांनी फळी ठोकून पाहिली, टवका पाहिला, डोकं खाजवलं. "मॅडम, मैं तो कूलरवाला आदमी. पाणी बाहेर जाऊ नये, एवढं माझं काम. पाणी आत येऊ नये, हे मी कधी केलं न्हाई."

"मंग उलटं करायचं," बाई म्हणाल्या. "त्यात काय अवघड हाय?"

अन्वरभाईंनी मधासारखं दाट रेझिन दिलं, त्याला घट्ट करणारं औषध दिलं, काचेच्या धाग्यांचं कापड दिलं, आणि तोंडाला फडकं बांधून दारंखिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं. कूलरला घालतात तेवढंच औषध बाईंनी मगात घातलं आणि ढवळलं. उन्हाळ्याची दुपार, मग भरून रेझिन. बघता बघता त्यातून धूर निघाला, मग हाताला पोळायला लागला, आणि आम्ही अंगणात नेऊन ठेवेपर्यंत आतलं सगळं दगड झालं. मधोमध ब्रश ताठ उभा. माझी पाचावर धारण बसली होती. बाईंनी तो थंड झालेला मग उचलला आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. "राहू दे. उभा कसा हाय बघ बिचारा." त्यांना आयुष्यात मिळालेल्या कपांच्या शेजारी तो मग मी जालना सोडेपर्यंत होता. पुढचं सगळं काम आम्ही पहाटेच्या गारव्यात, वाटी-वाटी रेझिन कालवून केलं.

फुगा बसवायचा प्रश्न होता. कवचाला बारीक भोकं पाडून आत रेझिन सोडायचं आणि वरून दाबून धरायचं, असं मोबाइलवरच्या माणसानं सांगितलं. सोडायचं कशानं? बाईंनी कौसल्याला फोन लावला. कौसल्या आता मंठ्याकडे शेती करते, शेळ्या राखते. ती पहिल्या एसटीनं आली, पदरात जनावरांना टोचायची जाड इंजेक्शनं घेऊन. बाईंना पाहून आधी पाया पडली, मग फळी पाहून म्हणाली, "मॅडम, हिला जंतानं फुगल्यावानी झालंय." आणि सफाईनं इंजेक्शनं द्यायला लागली.

दाबायला आम्ही गव्हाचं पोतं आणलं. ते घसरायचं. पाटा ठेवला, तो एकाच जागी रुतायचा. बाईंनी एक हात फळीवर आणि एक कमरेवर ठेवून इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर झोपाळ्यावर गेली.

"अहो, इकडं या."

सर आले.

"हिच्यावर बसा."

"किती वेळ?"

"सुकेपर्यंत. आयुष्यभर तयारी केलीत, आता कामी येऊन राह्यली."

फळीवर प्लास्टिक पसरलं आणि सर बसले. एकदा पेपर मागितला, एकदा चहा. बाकी हलले नाहीत. एवढं निश्चल बसणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. मध्येच म्हणाले, "ह्या घरात माझ्या बसण्याची कदर पहिल्यांदाच होऊन राह्यली." कौसल्या तोंडाला पदर लावून हसत सुटली. पण प्लास्टिक एका बाजूनं सरकलं होतं आणि रेझिन भोकातून वर आलं होतं, हे सर उठायला गेले तेव्हा कळलं. लेंगा चिकटला. ओढून निघेना. शेवटी बाईंनी कात्री आणली आणि लेंग्याचा मागचा गोल कापून सरांची सुटका केली. फुगा मात्र झकास बसला होता. लेंग्याचं ते कापड तसंच राहिलं. मधल्या भेगेवर घालायला काचेचं कापड कमी पडलं, तेव्हा बाईंनी शाळेतली जुनी पांढरी साडी फाडली आणि तिच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून वरचा थर दिला. त्यामुळे फळीच्या कमरेवरून साडीचा निळा काठ आडवा गेला आणि त्याखाली सरांचा लेंगा. दिसायला ती फळी काही सुंदर नव्हती. मला मात्र फार आवडायची.

यात एक गोष्ट मी पाहत होते आणि मुद्दाम बोलत नव्हते. फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली. बाई तिच्याभोवती फिरत पॉलिशपेपर घासायच्या. आधी एका हातानं फळी घट्ट धरून दुसऱ्या हातानं घासणं. मग धरणारा हात नुसता टेकलेला. मग एका पहाटे दोन्ही हात पॉलिशपेपरवर, अंग पुढेमागे होतंय, आणि आधाराला काही नाही. त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी बोलले असते तर ध्यानात आलं असतं आणि पाय थरथरला असता. पावसाळाभर त्या ट्रकच्या जुन्या ट्यूबांवर फळी टाकून अंगणात चढायच्या, दोन्ही बाजूंना मी आणि भिंत. कधी जमे, कधी भिंतीचा रंग नखांनी निघे. कौसल्यानं एकदा फळी नेऊन पेंडीची पोती लादून तलावात सोडून पाहिली आणि फोन केला, "मॅडम, थेंब बी आत न्हाई गेला. आमच्या म्हशीपरीस बरी तरंगती."

भाऊबीज उरकली आणि प्रसादच्या गाडीतून आम्ही कौसल्याच्या गावच्या पाझर तलावावर गेलो. प्रसादच्या गाडीत मागे दोन रिकाम्या बॅगा होत्या, आई-बाबांचे कपडे भरायला. त्या मला बसल्या जागी टोचत होत्या. तलाव काठोकाठ भरलेला. बांधावर शेळ्या. सरांसाठी कौसल्यानं घरून प्लास्टिकची खुर्ची आणली होती, त्यावर सर बसले. बाईंनी पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधून घेतला. लहानपणी मंठ्याच्या विहिरीत त्या तशाच पोहायला शिकल्या होत्या. कौसल्या कासोटा घालून कमरेएवढ्या पाण्यात फळीचा दोर धरून उभी राहिली. प्रसाद काठावर सारखा म्हणत होता, "आई, मी चेष्टेत हो म्हटलं होतं गं."

पहिल्यांदा बाई गुडघ्यांवर आल्या, एक पाऊल पुढे टाकलं, आणि फळी एका अंगाला कलंडली. पाणी उडालं. प्रसाद बुटांसकट पाण्यात धावला. तोवर कौसल्यानं त्यांना वर काढलं होतं. केस तोंडावर, चष्मा दोरीनं गळ्यात.

"झालं ना आई? पडलीस ना? आता पुरे."

"हे शिकाऊ माणसाचं पडणं हाय," बाई धापा टाकत म्हणाल्या. "म्हातारीचं न्हाई. दोन्हीतला फरक समजून घे आणि बाहेर हो."

त्या पुन्हा फळीवर पालथ्या पडल्या. पुन्हा गुडघ्यांवर आल्या. आणि तिथंच थांबल्या. हात फळीच्या कडांवर, मान खाली. साडीच्या निळ्या काठावरून पाणी ओघळत होतं. त्यांचा डावा पाय थरथरायला लागलेला मला काठावरून दिसत होता. मग प्रसाद रडक्या आवाजात ओरडला, "आई, बसूनच राहा! एवढं केलंस तेवढं बास! नाही नेत मी तुम्हाला पुण्याला. राहा इथंच. फक्त खाली बस!"

म्हणजे झालंच की. बाईंना हवं होतं ते मिळालं होतं, बसल्या जागी. मला वाटलं, आता उतरतील. मी तर टॉवेल उघडून पुढे झाले. कौसल्या बाईंच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, प्रसादकडेही नाही. तिनं हातातला दोर सोडला, बाईंच्या पाठीवरच्या डब्यावर थाप मारली आणि सगळ्या तलावावर ऐकू जाईल अशी ओरडली, "खो!"

बाई उठल्या.

कशा उठल्या ते मला सांगता येणार नाही. बसलेल्या होत्या आणि मग उभ्या होत्या. आधी हात दोन्हीकडे पसरलेले, मग हळूहळू खाली आले. फळी थोडी पुढे सरकली, कौसल्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात. तोंड पलीकडच्या काठाकडे, आमच्याकडे पाठ. पाय अजून थरथरत असणार, कारण फळीभोवती बारीक वलयं उठत होती. पण त्या उभ्या होत्या. मी ओक्साबोक्शी रडत होते, आणि रडता रडता माझ्या टाचा जुळल्या आहेत हे मला नंतर कळलं. शेजारी काहीतरी खरखरलं म्हणून पाहिलं. सर खुर्चीतून उठले होते. कुणी सांगितलं नव्हतं. हात अंगाला चिकटवून, मान ताठ करून ते उभे होते.

त्याच आठवड्यात माझी बदली झाली. आठवण काढली की बाई मला दिसतात त्या तिथंच.

"आई, आता तरी खाली बस!" प्रसाद म्हणाला.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मैदानावर यायचा तोच आवाज पाण्यावरून आला.

"तू बस, प्रसाद. आम्ही उभे आहोत."

प्रसाद बांधाच्या दगडावर बसला.